गालाची सोनोग्राफी

"आत्ती, तुम्ही इथंच बाकावर बसा. मी बोलवल्याशिवाय आत येऊ नका."

एवढं सांगून त्रिशला हिरव्या पडद्याआड गेली. आमच्याकडं सून सासूला आत्ती म्हणते. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण दाराला आतून कडी घालावी तसं तिनं ते सांगितलं. मी बसले. पिशवीतनं जपमाळ काढली आणि हातात नुसतीच धरून ठेवली.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. सांगलीतल्या त्या हॉस्पिटलच्या बाजूनं आजही जाणं होतं, पण त्या दिवसांनंतर मी आत पाऊल टाकलेलं नाही.

आम्ही आलो होतो नाकासाठी. पंधरा दिवस त्रिशलाचं डोकं धरलं होतं. नाक चोंदलेलं, डोळ्याखाली ठणका, वरच्या दाढा दुखतात म्हणायची. वाफ घेऊन झाली, ओव्याची पुरचुंडी शेकून झाली, गावातल्या डॉक्टरांचे थेंब झाले. शेवटी नाक-कान-घशाचे डॉक्टर मुजावर तिनंच शोधून काढले आणि म्हणाली, "मी एकटी जाऊन येते." माझ्या मुलाला, अभिनंदनला, खताच्या दुकानातून हलता येत नव्हतं. मी म्हणाले, मी येते सोबत. तिला ते आवडलं नाही. पिशवी भरताना तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

मुजावर डॉक्टरांच्या खोलीतही ती एकटीच गेली होती. दहा मिनिटांनी चिठ्ठी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "खालच्या मजल्यावर एक तपासणी आहे." खालच्या मजल्यावर दारावर पाटी होती, सोनोग्राफी. शेजारी दुसरी पाटी, लाल अक्षरांची. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.

मी ती दोनदा वाचली. नाक दुखणाऱ्या बाईला या दारातून आत कशाला न्यायचं?

हा संशय काही वाऱ्यावरनं आलेला नव्हता. आमच्या घरात महिन्याचे चार दिवस बाईमाणूस स्वयंपाकघरात येत नाही, देवाला शिवत नाही. त्यामुळं कुणाचे दिवस कधी, हे सगळ्या घराला माहीत असतं. त्रिशला तीन महिने बाजूला बसली नव्हती. सकाळी फोडणी पडली की ती परसात जायची आणि तोंड धुऊन परत यायची. मी विचारलं नाही. आपणहून सांगेल म्हणून वाट बघितली. तिनं सांगितलं नाही. आणि अभिनंदन अलीकडं फोन वाजला की ताटावरनं उठून माडीवर जायला लागला होता.

माझी नात मैत्री तेव्हा सहा वर्षांची. तिच्या पाठीवर दोन वर्षांपूर्वी एक राहिलं होतं, ते टिकलं नाही. घरात आम्ही तसंच म्हणायचो. टिकलं नाही.

पडद्याआडून एका तरुण बाईचा आवाज आला, "आडव्या व्हा. हं, अंग सैल सोडा." मग यंत्राची बारीक घुरघुर. मग "थोडं हलू नका." नंतर बराच वेळ काहीच नाही. माझ्या बोटांनी माळेचा एक मणीसुद्धा पुढं सरकवला नव्हता.

त्रिशला बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर ओल होती. कागदी रुमालानं ती ते पुसत होती. रडलीय, मी मनात म्हणाले. आत काहीतरी कळलंय, आणि रडलीय.

"काय झालं ग?"

"काही नाही. काही निघालं नाही."

"कशात?"

"नाकात, आत्ती. आणखी कशात निघणार?"

तिनं हातातलं पाकीट पर्समध्ये घातलं आणि चेन टोकापर्यंत ओढली. वर मुजावर डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. त्यांच्या मदतनिसानं कागद बघितला, सगळं साफ आहे म्हणाला आणि तेच थेंब आणखी आठ दिवस घालायला सांगितले.

परतीच्या एसटीत मी गप्प बसायचं ठरवलं होतं. वाटेतल्या अंकली गावापर्यंतही जमलं नाही.

"नाकाची सोनोग्राफी असते?" माझा आवाज मुळातच लहान, त्यात गाडीचा खडखडाट. दोनदा विचारावं लागलं.

"असते की."

"मी कधी ऐकली नाही. पोटाची ऐकलीय."

"तुम्ही ऐकली नाही म्हणून नसते होय?"

"तसं नव्हे. नाकासाठी फोटो काढतात ना. चौगुल्यांच्या सुनेचा एक्सरे काढला होता."

"माझा नाही काढला."

"का नाही काढला?"

पुढच्या सीटवरची बाई एव्हाना मान पूर्ण वळवून बसली होती. त्रिशला तिला म्हणाली, "मावशी, आमच्या बोलण्याचं तिकीट काढलंय काय तुम्ही?" बाई चटकन पुढं वळली. माझा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्रिशलानं खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं आणि डोळे मिटले.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत मी जेवले आणि देवघरात बसले. अभिनंदन आठाच्या सुमाराला आला. देवघराची भिंत आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच.

"गेली होतीस? काय म्हणाले?"

"काही निघालं नाही."

"चला, बरं झालं. म्हणजे गुरुवारी मोकळी आहेस."

"माझं डोकं फुटतंय."

"गोळी घे. गाडी सांगितलीय, सकाळी सहाला. दुपारपर्यंत परत."

ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मी सगळं जुळवलं. आज सांगलीत बघून घेतलं. बघितलं ते दोघांना नको होतं, म्हणून ती रडली. गुरुवारी जाऊन मोकळं व्हायचं. नाकाचं दुखणं ही लोकांना सांगायची गोष्ट, आणि लोक म्हणजे मी. माझ्या घरात, माझ्या देवघराच्या भिंतीपलीकडं हे दोघं ठरवत होते आणि मला मात्र बाकावर बसवत होते. त्या संध्याकाळी मी एकशे आठ वेळा णमोकार मंत्र म्हटला. त्यातला एकही मनातनं आला नाही.

मंगळवारी सकाळी मी देवळात गेले. रोज देवापुढं एक नियम घ्यायची मला सवय आहे. कधी मीठ सोडायचं, कधी दोनच धान्यं खायची, कधी पायांत काही घालायचं नाही. त्या दिवशी मी मीठ सोडलं. परत आले तर मैत्री शाळेला गेलेली, अभिनंदन दुकानाला. त्रिशला डोक्याला फडकं बांधून पडली होती. डोळे मिटलेले. पर्स खुंटीला होती.

न दिलेलं घ्यायचं नाही, हे व्रत मी एकोणीस वर्षांची असताना महाराजांपुढं घेतलंय. तरी चेन उघडली.

पाकिटात इंग्रजीतला कागद होता, तो मला वाचता येईना. राखेत बोट फिरवल्यासारखी दोन काळी-पांढरी चित्रं होती, त्यांचंही काही कळेना. पण तिसरा कागद मराठीत होता. मी, सौ. त्रिशला अभिनंदन मगदूम, असे घोषित करते की, या तपासणीद्वारे मला माझ्या गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. खाली तिची सही.

मी तो कागद परत वाचला. मी चोरी करणार नाही असं कुणाकडनं लिहून घेतात? जो चोरीच्या दाराशी उभा असतो त्याच्याकडनंच.

"सापडलं काय, आत्ती?"

ती जागी होती. कितीतरी वेळ जागी असणार.

"हे काय आहे?" मी कागद पुढं केला.

"माझ्या पर्समध्ये हात घातलात तुम्ही."

"हो, घातला. हे काय आहे ते सांग."

"वाचलंय की तुम्ही. मराठीत आहे."

"नाकासाठी गेलीस आणि गर्भाच्या कागदावर सही करून आलीस? मला आंधळी समजतेस तू?"

तिनं एकदम माझ्याकडं बघितलं. तशी नजर तिनं माझ्यावर कधी टाकली नव्हती. "तुम्हाला? आंधळी?" ती म्हणाली. "नाही आत्ती. तुम्हाला सगळं दिसतं."

कागद माझ्या हातातनं निसटून पलंगाखाली गेला. तो उचलायला ती वाकली, आणि एकदम "आई ग" करून ओरडली. उजव्या गालावर हात दाबून ती जमिनीवरच बसली. मी तिचा हात बाजूला केला. गाल टणक झाला होता. डोळ्याची खालची पापणी फुगलेली. कपाळ तव्यासारखं.

हे काही सोंग नव्हतं. एवढं मला कळलं. पण म्हणून कागद खोटा ठरत नव्हता.

"ऊठ. सांगलीला जायचं. आणि या खेपेला मी आत येणार."

"या," ती म्हणाली. "बघा तुम्हाला काय बघायचंय ते."

मुजावर डॉक्टर साठीचे, पांढऱ्या दाढीचे. कपाळाला दिवा बांधलेला. मला बघून त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "बसा अक्का. आज तुम्हीसुद्धा? बरं केलंत, सासू आली की पेशंट खोकल्याचंसुद्धा खरं सांगतो." मग त्रिशलाचा चेहरा बघितला आणि त्यांचं हसू गेलं. गालावर दोन बोटांनी ठोकून बघितलं. ती कळवळली.

"कालचा कागद म्हणतो सगळं साफ. आणि आजचा गाल हा असा." त्यांनी ती राखेची चित्रं उजेडाला धरली. "बाळ, काल तपासलं ते बसवून का झोपवून?"

"झोपवून."

"झोपवून!" त्यांनी कपाळावरचा दिवा काढून टेबलावर ठेवला. "चला माझ्याबरोबर. तुम्हीपण या अक्का."

लाल पाटीजवळनं आम्ही आत गेलो. या वेळी मला कुणी थांबवलं नाही. आत अंधारलेल्या खोलीत कालचीच तरुण डॉक्टरीण होती.

"सानिकाबाई, पोटाची सवय गालाला लावलीत होय?"

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा पडला. "सर, मी... सगळ्यांनाच झोपवते ना."

"तेच म्हणतोय मी. दिवसाला चाळीस पोटं बघितली की माणूस दिसला रे दिसला की आडवा करावासा वाटतो. अशानं मला एक दिवस दारातच आडवा कराल तुम्ही." ते रागावले नव्हते, पण हसतही नव्हते. "स्टूल आणा. ताठ बसवा आणि मान पुढं झुकवा."

स्टूल येईपर्यंत मी विचारलं. माझ्याच्यानं आता राहवत नव्हतं. "डॉक्टर, नाकासाठी ही तपासणी असते?"

"सगळीकडं नसते अक्का. मी करून घेतो. हे बघा," त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं, "या हाडाआड एक पोकळ खोली असते. हवेची. हे यंत्र आवाज सोडतं, आपल्याला ऐकू येत नाही असला. तो आवाज हवेला थटला की तिथनंच माघारी फिरतो, पुढचं काही दिसत नाही. पण खोलीत पू साचला असेल तर आवाज त्यातनं पार जातो आणि खोलीची मागची भिंत दिसते. मागची भिंत दिसली की समजायचं, खोली भरलीय."

"मग काल?"

"काल झोपवलं. झोपल्यावर पू मागं सरकला, हवा पुढं आली. यंत्र म्हणालं खोली रिकामी. त्याचा तरी काय दोष."

"पण एक्सरे का नाही काढला?"

त्यांनी त्रिशलाकडं बघितलं. ती म्हणाली, "सांगा डॉक्टर. त्यांना माहीत आहे."

"बाई दोन जीवांची आहे, अक्का. जिथं टाळता येतो तिथं मी एक्सरे टाळतो. आणि नुसत्या अंदाजावर जड औषधही देत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप."

"आणि तो कागद? सही घेतलेला?"

"तो?" आता ते हसले. "आमच्याकडं नियम आहे, पोटुशी बाई या यंत्रासमोर आली की तो कागद भरायचा. यंत्र पोटाला लावा नाहीतर गालाला लावा. कागदाला गाल कळत नाही."

सानिकानं त्रिशलाच्या गालावर पारदर्शक चिकासारखं औषध लावलं. त्यावर यंत्राचा दांडा टेकवला. पदर जागचा हलला नाही, पोटाजवळ कुणाचा हात गेला नाही. आधी डावा गाल बघितला. पडद्यावर एक पांढरी रेघ आणि तिच्याखाली विरत गेलेल्या फिक्या रेघा, बाकी धुकं. मग उजवा. त्रिशलानं मान पुढं झुकवली, दुखलं म्हणून स्टूलची कड धरली. धुक्यात खोलवर एक पांढरी कमान उमटली. काठ स्पष्ट असलेली, वाटीच्या बुडासारखी.

"ती बघा मागची भिंत," मुजावर डॉक्टर म्हणाले.

"हो सर," सानिका हळू आवाजात म्हणाली. मग त्रिशलाला म्हणाली, "सॉरी ताई."

त्रिशला उठली आणि कागदी रुमालानं गाल पुसायला लागली. दोन्ही गाल ओले होते. मी बघत राहिले. कालही ती हेच पुसत होती.

वर आल्यावर डॉक्टरांनी औषधं लिहिली, पोटातल्या बाळाला चालणारी. सूज डोळ्यावर चढली किंवा एकाचे दोन दिसायला लागले तर घरी थांबायचं नाही, सरळ इकडं यायचं, असं दोनदा बजावलं. "आणि विश्रांती. कुठं भटकायचं नाही."

"हे लिहून द्याल?" त्रिशलानं विचारलं.

"काय, विश्रांती?"

"प्रवास करायचा नाही असं. सहीशिक्क्यानिशी."

"देतो की. किती दिवसांचं लिहू?"

"जास्तीत जास्त किती लिहिता येईल?"

डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि चष्म्यावरनं तिच्याकडं बघितलं. लिहून दिलं, दहा दिवस.

औषधाच्या खिडकीपाशी गर्दी होती. नंबर यायला वेळ होता. आम्ही जिन्याजवळच्या बाकावर बसलो, मध्ये पिशवी ठेवून.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "मला वाटलं तू..."

"मला माहीत आहे तुम्हाला काय वाटलं. काल गाल पुसताना तुमचं तोंड बघितलं की मी."

"मग तिथंच का नाही सांगितलंस? एका शब्दानं मिटलं असतं."

"आणि तुमच्या मुलाच्या मनाविरुद्ध मी काही करतेय, हे तुम्ही घरी जाऊन त्यांना सांगितलं असतं तर?" ती माझ्याकडं बघत नव्हती, खिडकीजवळच्या गर्दीकडं बघत होती. "मला वाटलं, तुम्हाला त्यांनीच माझ्या पाठीवर लावलंय. नाकाच्या नावाखाली ही माहेरी पळेल, कुणाला काही सांगून येईल, म्हणून सोबत. मला आत डॉक्टरांना विचारायचं होतं, गुरुवारचं कसं टाळता येईल. म्हणून तुम्हाला बाहेर बसवलं. तरी काल विचारायचा धीर झाला नाही."

"गुरुवारी काय आहे?"

"तुम्ही भिंतीपलीकडंच असता आत्ती. मला कशाला विचारता?"

"मला वाटलं, दोघांचं ठरलंय."

"ठरलंय त्यांचं. गुरुवारी बघायचं. मुलगी निघाली तर त्याच गाडीनं पुढं जायचं. मागच्यासारखं." तिनं ती चिठ्ठी उघडून परत वाचली. "दहा दिवस मिळाले. तोवर आणखी काही दुखायला लागलं तर बरं."

मी पिशवीतनं पाण्याची बाटली काढून दिली. डॉक्टरांनी तिथल्या तिथं घ्यायला दिलेली ताप उतरायची गोळी तिनं घेतली, दोन घोट पाणी प्याली. मग बाटली परत न देता हातात धरून बसली.

"गाळलेलं आहे ना हे?"

"हो. सकाळचं."

"डोळ्याला न दिसणारा जीव मरू नये म्हणून तुम्ही पाणी दुहेरी फडक्यातनं गाळता," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, स्वयंपाकातलं काही विचारावं तसा. "मी तर दारात उभी होते, आत्ती. सहा वर्षं या घरात वावरलेली सून. दिसत होते."

हे आता लिहायला हवं. त्या दिवसापर्यंत मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्याच्या दोन वर्षं आधीच्या त्या सकाळी मी सामायिकाला बसले होते. दोन घटका डोळे मिटून, मौन धरून, जागचं न हलता. बाहेर अभिनंदन गाडी सुरू करून उभा होता. आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडनं मी सगळं ऐकलं होतं. कुठं बघितलं, काय निघालं, सकाळी कुठं न्यायचं. नवरा-बायकोचं आहे, आपण कोण, असं म्हणून मी झोपले होते. सकाळी बांगड्या वाजल्या आणि देवघराच्या दाराशी येऊन थांबल्या. मी डोळे उघडले. त्रिशला उंबऱ्यात होती, दोन्ही हातांनी चौकट धरून. मी एक शब्द बोलले असते तर ती त्या चौकटीतनं मागं फिरली असती. माझं मौन होतं. मी डोळे परत मिटून घेतले.

मी उठले तेव्हा अंगणात गाडीच्या चाकांचे वळ होते. 'टिकलं नाही' हा शब्दही घरात पहिल्यांदा मीच काढला, शेजारणीनं विचारलं तेव्हा.

"मी डोळे उघडले होते," मी त्रिशलाला म्हणाले.

"माहीत आहे."

"तू कुठं निघालीस तेही मला माहीत होतं."

"तेपण माहीत आहे मला." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "तुम्हाला वाटलं काय, मी विसरले? रोज पहाटे तुम्ही बसता, मी रोज त्या दारावरनं जाते."

खिडकीतनं तिचं नाव पुकारलं. मी उठले, औषधं घेतली आणि परत येऊन उभीच राहिले.

"गुरुवारी गाडी येणार नाही. गुरुवारी नाही आणि दहा दिवसांनंतरही नाही."

"कोण थांबवणार?"

"मी सांगते अभिनंदनला. आजच."

ती हसली, गाल दुखला म्हणून हात लावला. "तुम्ही? भाकरी थापताना शेजारी बसलं तरी तुमचं बोलणं ऐकू येत नाही. ते फोन घेऊन माडीवर जातील."

"म्हणून घरात नाही सांगायची. दुकानात जाऊन सांगते. गिऱ्हाईक असेल तर गिऱ्हाइकासमोर."

"लोकांसमोर?" आता तिनं माझ्याकडं बघितलं. "काय सांगणार?"

"मागचं आणि आताचं. मला माहीत होतं तेसुद्धा."

"आणि तरी ऐकलं नाही तर?"

"तर उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन तक्रार लिहून देते. त्या गाडीवाल्याचं नाव, त्या जागेचं नाव, आणि माझ्या मुलाचं."

ती जिन्याकडं बघत राहिली. एक म्हातारा काठी टेकत जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरत होता, तो पार खाली जाईपर्यंत.

"मला वचन नका देऊ, आत्ती," ती म्हणाली. "तुमची वचनं देवाला असतात."

"हे तुला."

गावच्या फाट्यावर आम्ही उतरलो तेव्हा चार वाजले होते. मी तिला रिक्षात बसवलं, औषधं तिच्या मांडीवर ठेवली आणि रिक्षावाल्याला खड्डे चुकवत ने म्हणून सांगितलं. तिनं मला चला म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही. रिक्षा वळेपर्यंत मागच्या फटीतनं बघत होती.

दुकान फाट्यावरनं अर्ध्या मैलावर, कारखान्याच्या रस्त्याला. माझे मालक, अभिनंदनचे वडील, गेल्यापासून नऊ वर्षांत मी त्याची पायरी चढले नव्हते. मंगळवार म्हणजे बाजाराचा दिवस, ट्रॅक्टर उभे असणार, पोत्यांची चढउतार चालू असणार, माणसं असणार. मी पदर खोचला आणि चालायला लागले. काय म्हणायचं ते चालता चालता ठरवलं. मग वाटलं, तिथल्या गलक्यात माझा आवाज कुणाला जाणार? म्हणून म्हणून बघितलं, मोठ्यानं. "अभिनंदन, गुरुवारी गाडी येणार नाही."

बाजूनं सायकल हातात धरून चाललेले उपाध्ये गुरुजी थांबले. "मला काही म्हणालात का अक्का?"

"तुम्हाला नाही," मी म्हणाले, आणि पुढं चालत परत एकदा म्हटलं, आधीपेक्षा जरा मोठ्यानं.